आई-बाबा, गाडी इतक्यात वाईला येत नाही

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा, तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देता आणि आई मला जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय. मिस्त्रीकाकांनी इंजिनाचं काम करून दिलं तरी गाडी ऑइल खातच होती, म्हणून मी इथे इंजिन उतरवलंय. तुम्हाला विचारलं असतं तर "राहू दे, ऑइल टाकत राहू" हेच उत्तर आलं असतं, म्हणून विचारलं नाही. आता त्यात पिस्टनवर नव्या रिंगा बसतील. पण गाडी लगेच वाईला येणार नाही. इंजिन जोडून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर ती मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं. जरा कडक लिहिलंय, पण कारण खाली आहे, शेवटपर्यंत वाचा.

आई, तुझी सोय आधी. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांशी बोललेय. गुरुवारी दत्ताला न्यायला-आणायला ते येतील, महिन्याचे पैसे मी इथून पाठवते, तू त्यांच्या हातात वर आणखी कोंबू नकोस. साताऱ्याला गुडघा दाखवायचा असेल तेव्हा मी आदल्या रात्री येईन आणि माझ्या गाडीने जाऊ. पुढची सीट पार मागे सरकते, पाय लांब करून बसता येईल, पाठीला तुझी ती लोकरीची उशी घेऊ. औषधं घरपोच येतात, गॅसचं मी पाहते. भाजी बाबा पायीच आणू देत, डॉक्टरांना ते चालणं हवंच आहे. तेव्हा गाडी नाही म्हणून काही अडत नाही. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, ते मला विचारू नकोस.

आता बाबा, तुमचं. तुमच्या डायरीतली नोंद बरोबर निघाली. मीही सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि मग मोजलं. साधारण चारशे किलोमीटरला एक लिटर जातंय. पुष्कळ कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटर ही वापराची शेवटची मर्यादा धरतात. या गाडीत एकूण ऑइलच जेमतेम तीन लिटर मावतं. म्हणजे एखाद्या फेरीत बघायचं राहिलं तर तिन्ही सिलिंडर आणि नवं बेअरिंग एकदमच गेलं असतं. शिवाय २०२७ मध्ये पुन्हा पासिंग आहे. जळकं ऑइल बाहेर टाकणारी गाडी हायड्रोकार्बनच्या आकड्यावरच अडते. हे सगळं लिहितेय कारण तुम्ही म्हणाल, एवढी घाई काय होती.

इथल्या गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी मुलाने सांगितलं, "ताई, कॉम्प्रेशन ओके आहे, म्हणजे रिंगा ओके. व्हॉल्व्ह सील बदला." मी मान डोलावली नाही. मुलीला मेकॅनिकलला कशाला घालता म्हणून आत्याने तुम्हाला जे ऐकवलं होतं, त्याचं काहीतरी फळ दिसायला नको का? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतात त्या मुख्यतः पिस्टनवरच्या वरच्या दोन रिंगा. भिंतीवरचं ऑइल निपटून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. ती काम करत नसली तरी कॉम्प्रेशनचा आकडा झकास येऊ शकतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा थोडा वाढला, फार नाही. नुसत्या मीटरने इंजिन खोलायचा निर्णय होत नाही, म्हणून बाकीचे संशय एकेक करून वाटेतून दूर केले.

गळती पाहिली. रॉकेलने इंजिन धुऊन घेतलं, रात्रभर खाली पुठ्ठा अंथरला. मागच्या सीलपाशी जरा ओलं होतं, पण त्यातून लिटर जात नाही. डिपस्टिकचा वास घेतला. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी उलट फसवी दिसते. तसंही नव्हतं. ब्रीदरची नळी मोकळी, एअर फिल्टर कोरडा. प्लग मात्र तिन्ही सारखेच ओले-काळे. एखादीच रिंग तुटली असती तर एकच प्लग बोलला असता.

मग धूर. सकाळी थंड गाडी चालू केली की पहिल्या क्षणी निळा झोत येतो, तो बहुतेक व्हॉल्व्ह सीलचा, कारण रात्रभर ऑइल झिरपून खाली बसलेलं असतं. आपल्याकडे तो नव्हता. म्हणून जुन्या कात्रज घाटात गेले. मी गाडीत, शेजारची मैत्रीण मागे स्कूटरवर, डोळे धुराकडे. चढावर सतत निळसर रेघ. वरून वळून उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढला, पायथ्याशी पुन्हा दाबला आणि मैत्रीण दिसेनाशी झाली. पाय काढलेला असतो तेव्हा आत जोराची ओढ तयार होते आणि ऑइल व्हॉल्व्हच्या गाईडमधूनही खेचलं जातं, रिंगांवरूनही. म्हणजे उतारावरच्या ढगाने निकाल लागत नाही. पण सील दोषी असते तर तो ढग निघून रस्ता स्वच्छ झाला असता. हा धूर जोर लावला की येतच राहिला. तेव्हा मी म्हटलं, खोला.

हेड काढल्यावर सगळं समोर आलं. व्हॉल्व्ह गाईडमध्ये हालचाल नाही, इनटेक व्हॉल्व्हची पाठ कोरडी. पिस्टनच्या माथ्यावर मध्ये काजळी आणि कडेने चकचकीत धुतलेलं कडं. ऑइल खालून वर येतंय, याहून स्पष्ट सही कुठली? रिंगा काढून पाहिल्या. खुणेची बाजू वर, तोंडं एका रेषेत नाहीत, फटी मापात, ऑइल रिंगच्या एक्सपांडरची टोकं एकमेकांवर चढलेली नाहीत. बाबा, हे नीट वाचा: मिस्त्रीकाकांनी एकही चूक केलेली नाही. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, अगदी तळाशी, जिथे रिंगा पोहोचतच नाहीत, तिथे त्यांनी होनिंग करून, म्हणजे बारीक दगडाने घासून, मारलेल्या तिरक्या जाळीच्या रेघा अजून कोऱ्या आहेत. इतक्या सुरेख की इथल्या उस्तादांनी मोबाईलवर फोटो काढून घेतला. वर मात्र त्या रेघा बुजून आरसा झालाय.

आई, तुला कळेल असं सांगते. आपला बिडाचा तवा कसा झाला? तेलाचा पातळ हात, मंद आच, पुन्हा तेल, पुन्हा मंद आच. वर काळा गुळगुळीत थर धरला आणि घावन सुटायला लागलं. बोअरही बिडाचेच असतात. तव्याला तो थर हवा, इंजिनाला नको. नव्या रिंगांना सुरुवातीला त्या रेघांवर घासून आपली जागा करावी लागते. त्यासाठी रिंगेच्या मागे जळत्या वायूचा दाब पोहोचून तिने भिंतीला घट्ट टेकायला हवं, आणि तो दाब गाडीवर जोर आला तरच मिळतो. इंजिन नुसतं अंगणात चालू ठेवलं किंवा चौथ्या गिअरमध्ये चाळीसने मेणवलीपर्यंत जाऊन आणलं, तर रिंगा भिंतीवरून नुसत्या घसरत राहतात, ऑइल भाजत राहतं, थर बसतो.

बाबा, मला माहीत आहे तुमची नजर "अंगणात" या शब्दावर थांबली असेल. पुढे वाचा. तुमच्या काळी नव्या गाडीच्या पाठीवर 'रनिंग इन' अशी पाटी लागायची आणि चाळीसच्या वर न्यायचं नाही हा नियम होता. नियम पाळणारा माणूस तुमच्यासारखा दुसरा नाही. त्या काळचं ऑइल वेगळं, बोअरची घडण वेगळी, तेव्हा तो नियम शहाणपणाचाच होता. सकाळी अंघोळ झाल्यावर गाडी चालू करून पेपर वाचून होईपर्यंत ती तशी ठेवणं, ही या इंजिनाची काळजीच होती. काळजी कमी पडली म्हणून काही झालेलं नाही. आणि दादाने आणलेला तो महागडा सिंथेटिक ऑइलचा डबा, तोही प्रेमानेच आला. नव्या रिंगांना इतकं निसरडं ऑइल सुरुवातीला नको असतं, एवढंच. त्याला मी काही बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका. डबा ठेवून द्या, रिंगा बसल्यावर वापरू.

पसरणी घाटात तुम्ही गाडी कडेला घ्यायचात, बॉनेट उघडून डिपस्टिक पिवळ्या फडक्याला पुसायचात आणि मला उचलून दाखवायचात, "दोन खुणांच्या मध्ये आहे ना? मग पाचगणी दूर नाही." मला खुणा दिसायच्या नाहीत, चकाकी दिसायची. तरी मी "आहे" म्हणायचे. गाडीविषयी जे काही मला येतं त्याचं मूळ कॉलेजात नाही. एवढं लिहिलं तरी आता आई रडेल, म्हणून पुढच्या कामाचं लिहिते.

पिस्टन तेच राहणार, पुन्हा बोअर मोठे करायची गरज नाही. हलकं होनिंग करून रेघा उघड्या करायच्या, गोलाई आणि माप तपासायचं, त्याच मापाच्या रिंगा नाना पेठेतून आणायच्या. होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुणार, पेट्रोलने नुसतं पुसलं तर दगडाची कणी रेघांत अडकून राहते. मग ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसणार, फडकं पांढरंच निघेपर्यंत. आई, तुझ्या जुन्या सुती साड्यांपैकी एक पांढरी असेल तर काढून ठेव, गॅरेजातल्या चिंध्यांवर माझा विश्वास नाही. पैशांचा विषय काढायचा नाही. रिंगा, गॅस्केट, ऑइल मिळून फार होत नाही आणि जे होतं ते दिलंय.

मग साधं मिनरल २०डब्ल्यू-४० भरून पहिल्याच दिवशी रस्त्यावर. चालू करून उभी ठेवायची नाही. साताऱ्याच्या रस्त्याने खेड शिवापूर, नसरापूर, शिरवळ. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसपासून सत्तरपर्यंत भरभर वेग घ्यायचा, पाय काढून आपोआप उतरू द्यायचा, पुन्हा तेच. पाय दाबला की रिंगा भिंतीला टेकतात, सोडला की आतल्या ओढीने ऑइल वर येऊन घासलेला चुरा धुऊन नेतं. एकाच वेगाने चालवायची नाही, वरच्या गिअरमध्ये गुदमरवायची नाही. थोड्या किलोमीटरनंतर ऑइल-फिल्टर बदलायचं. हे सगळं हायवेवर, ट्रकांच्या मधून, मागे बघत करायचंय. म्हणून मी. तुमचा हात माझ्याहून चांगला आहे, त्याबद्दल वादच नाही. पण डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढलेला नाही आणि पाचवडच्या त्या रात्रीनंतर आपण काय ठरवलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हो म्हटलं, की किल्ली तुमचीच. मी कुठे ठेवून घेणार आहे? मला ती गाडी पार्क करायला सोसायटीत जागासुद्धा नाही.

आता सूचना, दोघांना. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. डोळ्यांची तारीख पुढे ढकलायची नाही, मी रजा टाकलेली आहे. आई, अंगणात शेवाळ धरलंय, बाहेरच्या पायरीवरून उतरताना हात धरायचा, भांडण चालू असलं तरी. बाबा, शेडमधली मोकळी जागा पाहून जुनी स्कूटर काढायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच ठेवा. तिचा प्लग मी मागच्या वेळीच काढून आणलाय.

आणि एक काम आहे, ते तुम्हीच करायचंय. मिस्त्रीकाकांशी तुम्ही बोलत नाही आहात असं आई म्हणाली. बोअर केला तेव्हा त्यांनी तिन्ही सिलिंडरची मापं लिहून ठेवली असणार, आणि पिस्टनच्या खोक्यावरचा नंबरही. होनिंग करणाऱ्यांना ती मापं बुधवारच्या आत हवी आहेत. फोन करू नका, ते फोनवर आकडे चुकवतात. स्वतः जाऊन, बसून, चहा घेऊन लिहून आणा, आणि तळाच्या रेघांचं जे मी वर लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा.

तुमची,
छकुली