सुकलेल्या डीएनपीच्या बाटलीची जबाबदारी कोणाची?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या की कनिष्ठ महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळा जवळजवळ जूनपर्यंत बंद राहतात आणि विदर्भ-मराठवाड्यातील खोल्या नेमक्या याच महिन्यांत सर्वाधिक तापतात. या काळात बंद कपाटात पडून राहणाऱ्या एका अभिकर्मकाकडे शिक्षण खात्याचे आणि संस्थाचालकांचे लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे. त्याचे पूर्ण नाव 2,4-डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन असे असून प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘डीएनपी’ म्हणतात. अल्डिहाइड आणि कीटोन ही सेंद्रिय संयुगे ओळखण्यासाठी विद्यार्थी याच्याच द्रावणाचे काही थेंब परीक्षानळीत टाकतात आणि पिवळा, नारिंगी किंवा तांबडा अवक्षेप (द्रावणातून वेगळा होणारा घन पदार्थ) आला की या दोन्हींत असणारा कार्बोनिल गट असल्याची नोंद करतात. चाचणी सोपी व खात्रीची आहे आणि ती अभ्यासक्रमातून काढावी असे माझे मुळीच म्हणणे नाही.

धोका द्रावणात नाही, तर ते ज्या भुकटीपासून बनते तिच्या बाटलीत आहे. या रेणूत दोन नायट्रो गट असल्यामुळे पूर्ण कोरडी भुकटी घर्षणाने, आघाताने किंवा उष्णतेने स्फोट पावू शकते. म्हणूनच उत्पादक ती सुमारे एक-तृतीयांश पाणी घालून, ओलसर स्थितीत विकतात. हे पाणी भेसळ नसून सुरक्षिततेचे साधन आहे, ही गोष्ट खरेदी करणाऱ्याला आणि कपाट सांभाळणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. किंबहुना प्रयोगशाळेची सारी शिस्त याच्या उलट शिकवते. रसायनाला ओल लागली म्हणजे ते खराब झाले, असे आपण मानतो. निर्जल कॅल्शियम क्लोराइड, सिलिका जेल आणि डेसिकेटर या सगळ्यांचा उपयोग ओल दूर ठेवण्यासाठीच असतो. त्यामुळे एखादा कामसू सहायक चांगल्या हेतूने डीएनपीची बाटली डेसिकेटरमध्ये ठेवू शकतो, किंवा अचूक वजनासाठी भुकटी ओव्हनमध्ये सुकवू शकतो. दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळायला हव्यात.

बाटली कोणी हेतुपुरस्सर सुकवली नाही तरी ती आपोआप सुकते, कारण सैल बसलेल्या झाकणातून पाणी वर्षानुवर्षे उडत राहते. रंग मात्र फारसा बदलत नाही. ओलसर भुकटी गोळे धरून काचेला चिकटते, तर कोरडी भुकटी बाटलीत मोकळेपणाने सरकताना दिसते. तपकिरी काचेच्या बाटलीत हा फरकही लवकर ध्यानात येत नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे झाकणाचे आटे. घाईने भुकटी काढताना तिचे कण आट्यांत अडकतात, बाटलीतल्या मालाच्या कितीतरी आधी तेथेच सुकतात आणि पुढच्या वेळी झाकण फिरवणे हेच घर्षण ठरते.

ब्रिटनमध्ये 2016 च्या अखेरीस हाच प्रश्न राष्ट्रीय पातळीवर उभा राहिला होता. शाळांतील विज्ञान प्रयोगांना सुरक्षाविषयक सल्ला देणाऱ्या तेथील क्लीप्स या संस्थेने शाळांना आपापल्या डीएनपीच्या बाटल्या तपासण्यास सांगितले आणि त्यानंतर सुमारे 600 शाळांत बॉम्बनाशक पथकांना पाचारण करावे लागले. काही ठिकाणी मैदानावर खड्डा करून, नियंत्रित स्फोटाने बाटल्या नष्ट करण्यात आल्या. थंड आणि दमट हवेच्या, नियमित तपासणीची सवय असलेल्या देशात ही स्थिती असेल, तर मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावांतील कपाटांत काय असेल, याचा विचार व्हायला हवा.

आपल्याकडे बाटली इतकी जुनी होते याचे मूळ खरेदीत आहे. प्रचलित कृतीनुसार 2 ग्रॅम डीएनपी 100 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घेऊन त्यात 4 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल सावकाश मिसळले की द्रावण तयार होते. एका मिलिलिटरचे साधारण 20 थेंब आणि एका चाचणीला पाच थेंब धरले, तर एवढ्या द्रावणात 400 चाचण्या होतात. म्हणजे 25 ग्रॅमची बाटली सुमारे 5,000 चाचण्यांना पुरते. तरीही दर ग्रॅमला स्वस्त पडते म्हणून 100 ग्रॅमची बाटली मागवली जाते आणि ती मागवणाऱ्या शिक्षकाच्या सेवानिवृत्तीनंतरही कपाटात उरते.

उरलेली बाटली कोणी हलवत नाही, याला कारण साठा नोंदवही. नोंदवहीत शिल्लक दिसणारी वस्तू टाकून दिली तर लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार, ही भीती खोटी नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार करणे, समितीच्या सह्या घेणे आणि मंजुरीची वाट पाहणे, यापेक्षा बाटली मागच्या फळीवर सरकवणे कोणालाही सोपे वाटते. त्यातच सहायकाचे पद रिक्त असेल, तर कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांचा रसायनशास्त्राशी संबंध असतोच असे नाही. म्हणून या प्रकरणी एखाद्या परिचराला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

उपाय मात्र खर्चिक नाही. बाटली वापरून झाली की आटे ओल्या फडक्याने पुसून, झाकण घट्ट लावून बाटलीसह वजन करावे आणि ते तारखेनिशी नोंदवावे. पुढच्या वेळी झाकण उघडण्यापूर्वी पुन्हा वजन करावे. मधल्या काळात जेवढे वजन घटले तेवढे पाणी उडाले, असे समजून तेवढे डिस्टिल्ड पाणी आत घालावे. सहा महिन्यांतून एकदा, आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी न चुकता, ही तपासणी झाली तर बाटली सहसा सुकणार नाही. शिवाय ती बाटली तळाशी थोडे पाणी असलेल्या, झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात ठेवल्यास आतली हवा दमट राहते. आटे पुसलेले फडकेही कोरडे होऊ देऊ नये. पोटॅशियम परमँगनेट, नायट्रेट यांसारखे ऑक्सिडीकारक पदार्थ त्याच फळीवर नकोत आणि कपाट खिडकीच्या उन्हात नसावे. तयार द्रावणही लागेल तेवढेच करावे, कारण त्यात ज्वलनशील व विषारी मिथेनॉल आणि दाहक आम्ल असते, आणि बुचाभोवती ते सुकले की तेथे पुन्हा नारिंगी कण उरतात.

बाटली आधीच सुकलेली आढळली, किंवा झाकणाभोवती स्फटिक दिसले, तर वरील कृती लागू नाही. अशी बाटली उघडू नये, हलवू नये, बेसिनमध्ये ओतण्याचा तर विचारही करू नये. खोली रिकामी करून कुलूप लावावे आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवावे. यात शाळेची बदनामी होईल असे वाटून कोणी बाटली पिशवीत घालून गावाबाहेर नेऊन पुरू नये. ही भीती मी उगीच व्यक्त करीत नाही.

जीवशास्त्र विभागांनीही आपली कपाटे पाहावीत. ऊतींचे नमुने टिकवण्याच्या बूँ द्रावणासाठी वापरले जाणारे पिक्रिक आम्ल याच स्वभावाचे आहे. तेही पाण्याखाली ओले ठेवावे लागते आणि धातूंशी संयोग होऊन बनणारे त्याचे क्षार अधिकच संवेदनशील असतात, त्यामुळे त्याला धातूचे झाकण किंवा धातूचा चमचा लावता कामा नये.

खरी अडचण ओलसर पण नको असलेल्या मालाची आहे. घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामाईक प्रक्रिया केंद्रे आहेत, परंतु ती मुख्यतः कारखान्यांच्या टनावारी मालाला सरावलेली आहेत. तालुक्याच्या शाळेने 60 ग्रॅम डीएनपी तेथे कसे पोचवावे, वाहतूक कोणी करावी आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हे सांगणारे स्पष्ट मार्गदर्शन मुख्याध्यापकांच्या हाती असायला हवे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि शिक्षणाधिकारी कार्यालये यांनी मिळून जिल्ह्यात वर्षातून एकदा असा माल प्रशिक्षित माणसांकरवी गोळा केला, आणि त्याची पोचपावती हाच निर्लेखनाचा पुरावा मानला, तर नोंदवहीची भीतीही संपेल. स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तिच्या तज्ज्ञांकडून मराठीत एक पानी सूचना तयार करून घेणे राज्य शिक्षण मंडळाला अवघड नाही. ती उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात पोचावी आणि तिच्यावर जिल्ह्यातील संपर्क क्रमांक छापलेला असावा, अशी विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक, अमरावती