जाहिरातीतला दर आणि जहाजातली खोली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्या जवळ आल्या की नागपूरच्या वृत्तपत्रांत क्रूझ सहलींच्या जाहिराती वाढतात. दर ठळक अक्षरांत असतो, पण तो कोणत्या खोलीचा हे लिहिलेले नसते. बहुतेक वेळा तो बिनखिडकीच्या खोलीचा असतो, एका खोलीत दोघे धरून माणशी काढलेला असतो, आणि बंदर शुल्क, कर व जहाजावरची टिप त्यात धरलेली नसते. धरमपेठेत किंवा सीताबर्डीवर एजंटासमोर बसलेले कुटुंब मग एकच विचारते : बाल्कनी घ्यायची की नको? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. खोली जहाजात नेमकी कुठे आहे, हे आधी विचारायला हवे. ते न विचारता चौपट पैसे मोजूनही रात्रभर झोप न लागण्याची सोय होऊ शकते.

खोल्यांचे मुख्य प्रकार चार. इनसाइडला खिडकी नसते. ओशन व्ह्यूला न उघडणारी काच असते. त्यानंतर बाल्कनी आणि सुइट, म्हणजे सर्वांत मोठी, महागडी खोली. इनसाइड खोली साधारण 140 ते 185 चौरस फुटांची असते आणि या आकड्यात न्हाणीघरही मोजलेले असते. घरातली 10 बाय 15 ची खोली दोरीने आखा, त्यातून न्हाणीघर, कपाट आणि दाराजवळची बोळ वजा करा, म्हणजे चार माणसे व चार बॅगा कुठे मावतील याचा खरा अंदाज येईल. (बॅगा पलंगाखाली सरकवता येतात; म्हणून मोठ्या कडक बॅगेपेक्षा मऊ बॅग बरी.) बाल्कनीची खोली आतून बहुधा एवढीच असते. जास्तीचे 40-50 चौरस फूट बाहेर असतात आणि कागदावरच्या क्षेत्रफळात ते कधी धरलेले असतात, कधी नाही.

नावावरून प्रत्येक बाल्कनी समुद्राकडे उघडते असेही समजू नये. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या ओएसिस वर्गातल्या जहाजांवर काही बाल्कन्या जहाजाच्या मधोमध केलेल्या बागेकडे पाहतात. छान दिसतात, पण समुद्र दिसत नाही. उलट त्याच कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर काही इनसाइड खोल्यांत भिंतभर पडदा असतो आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र त्यावर थेट दिसते. बंद खोलीत जीव घाबरणाऱ्याला त्याने थोडा आधार मिळतो. ज्यांना लिफ्टमध्येही गुदमरते त्यांनी मात्र इनसाइड घेऊच नये. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो आणि सकाळ झालेली कळत नाही. छोटा रात्रीचा दिवा न्यावा, किंवा टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चॅनल आवाज बंद करून ठेवावे.

आता जागेविषयी. जहाज मुख्यतः दोन तऱ्हेने हलते. लाट समोरून आली की पुढचे व मागचे टोक आळीपाळीने वर-खाली होते. लाट बाजूने आली की जहाज डावी-उजवीकडे कलते. पहिल्या हालचालीत मधला भाग सर्वांत स्थिर राहतो, दुसरीत पाण्याजवळचे मजले. रेल्वेत चाकांवरच्या बर्थपेक्षा डब्याच्या मधल्या भागातल्या बर्थला हादरे कमी बसतात, तसेच हे. त्यातही एक भेद लक्षात घ्यावा. आजच्या जहाजांना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते बाजूचे कलणे बरेच कमी करतात, पण टोकांचे वर-खाली होणे त्यांना फारसे आवरत नाही. म्हणून 'खालचा मजला' आणि 'मधली जागा' यांपैकी एकच मिळत असेल तर मधली जागा घ्यावी.

गंमत अशी की, सुइट आणि महागड्या बाल्कन्या बहुधा वरच्या मजल्यांवर, कित्येकदा अगदी टोकाला असतात. म्हणजे जास्त पैसे देणाऱ्याच्या वाट्याला जास्त हालचाल येते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता बरीच. अशांसाठी माझा कौल स्पष्ट आहे : खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली ओशन व्ह्यू. तीच का? कारण क्षितिजाची स्थिर रेघ दिसत राहिली की मळमळ कमी होते. बंद खोलीत शरीराला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना ती दिसत नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बराच शांत. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांगकडे जाणाऱ्या फेऱ्यांत एरवीही हालचाल कमी असते, तिथे जागेबाबत थोडी सूट घेता येते.

आवाजाकडे तर कोणीच लक्ष देत नाही. त्यासाठी डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, मागावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. आपल्या खोलीचा क्रमांक सापडला की तिथेच थांबू नका. वरच्या आणि खालच्या मजल्याचा नकाशा काढून त्याच जागी काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांचा. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठोका गादीतून जाणवतो. वरही खोल्या, खालीही खोल्या, अशी खोली सर्वांत शांत. नकाशात काहीही न लिहिलेली कोरी जागा शेजारी असेल तर सावध राहावे. ती अनेकदा कर्मचाऱ्यांची पँट्री किंवा चादरी-टॉवेलांची खोली असते आणि तिचे दार दिवसभर वाजते. अगदी पुढच्या टोकाच्या खालच्या खोल्यांना नांगर टाकताना साखळीचा आणि धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवणाऱ्या पुढच्या थ्रस्टर पंख्यांचा घरघराट ऐकू येतो, तोही बहुधा पहाटे. मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या मुख्य पंख्यांची थरथर असते. दोन खोल्यांमध्ये जोडदार असेल तर शेजाऱ्यांचे बोलणे त्यातून झिरपते. नकाशात अशा खोल्यांवर जोडणीची खूण असते. लिफ्टच्या थेट समोर गर्दी असते, पण गुडघे दुखणाऱ्यांना 300 मीटर लांब जहाजाची बोळ झेपत नाही. त्यांच्यासाठी लिफ्टपासून पाच-सहा दारे सोडून खोली घ्यावी.

आता बाल्कनी. ती कुठे परवडते? जिथे दिवसा किनारा बघत प्रवास होतो तिथे. नॉर्वेचे फियोर्ड (उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्या), अलास्का अशा ठिकाणी ती घ्यावी असे मी ठामपणे सांगेन. अलास्कात ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर फिरवून दोन्ही बाजूंना दर्शन देतात, त्यामुळे तिथे डावी की उजवी याची फार चिंता नको. मुंबई-गोवा फेरीची गोष्ट वेगळी. बराचसा प्रवास रात्री होतो आणि रात्रीचा समुद्र काळा असतो. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला असतो, परतताना उलटे. मे महिन्यात दुपारी त्या दमट उकाड्यात बाल्कनीत बसवत नाही. नागपूरच्या 45 अंशांतून गेलेल्या माणसालाही तो घाम सोसत नाही, आणि दार उघडे राहिले की अनेक जहाजांवर खोलीचा एसी आपोआप बंद होतो. दोन रात्रींसाठी तो पैसा मी खर्च करणार नाही. सूर्यास्त वरच्या खुल्या डेकवरून सर्वांना सारखाच दिसतो.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनी 2021 पासून ज्या 'एम्प्रेस' जहाजाच्या फेऱ्या करते, ते 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने सुरू झाले. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या मोजक्याच असत. तिथे खरी निवड इनसाइड आणि ओशन व्ह्यू यांतच करायची असते, आणि म्हणूनच मजला व जागा पाहणे अधिक महत्त्वाचे.

बाल्कनी घ्यायचीच असेल तर कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, ते विचारा. काही जहाजांच्या खालच्या मजल्यांवर कठडा सबंध पोलादी असतो. खुर्चीत बसल्यावर समोर फक्त पोलाद दिसते. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असे लिहिले असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली आहे असे समजा. अशी खोली स्वस्त मिळते आणि नुसता उजेड हवा असेल तर वाईट नाही. पण हे आधी माहीत असायला हवे.

कुटुंबाने जाताना फसगत होते ती तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या पलंगात. खालचे दोन पलंग जोडता येतात. तिसरा व चौथा बहुधा छतातून किंवा भिंतीतून उघडणारा बंक असतो, नाहीतर सोफा. शिडी चढून वर झोपणे आजी-आजोबांना शक्य नाही, आणि बंक उघडला की खाली उठून बसताना डोके आपटते. पाच-सहा जणांसाठी एक मोठी खोली शोधण्यापेक्षा बोळीच्या एका बाजूला बाल्कनी आणि समोरच्या बाजूला इनसाइड अशी जोडी घेणे सोयीचे पडते : समुद्र सर्वांचा, न्हाणीघरे दोन आणि खर्च दोन बाल्कन्यांपेक्षा कमी. फक्त मुलांच्या खोलीत कागदोपत्री एक मोठे माणूस लागते, त्यामुळे आई एका खोलीत व बाबा दुसऱ्या खोलीत असे नाव नोंदवावे. एकट्याने जाणाऱ्याला कित्येकदा दोघांचे भाडे पडते, हेही आधी विचारावे.

ज्येष्ठांसाठी न्हाणीघराचा उंबरठा पाहा. जहाजात तो काही इंच उंच असतो आणि रात्री तिथेच ठेच लागते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, बिनउंबरठ्याच्या खोल्या असतात, पण त्या मोजक्याच असल्याने फार आधी मागाव्या लागतात. परदेशी जहाजांवर संडासात बहुधा जेट नसतो. आपली किटली, इस्त्री किंवा इंडक्शन बरोबर नेऊ नये. आगीच्या भीतीने ती तपासणीत काढून घेतात. भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक मात्र नेले तर टोप्या-पिशव्या टांगायला उपयोगी पडतात.

शेवटचा मुद्दा 'गॅरंटी' खोलीचा, कारण जाहिरातीतला सर्वांत कमी दर बहुधा याचाच असतो. यात फक्त प्रकाराची हमी असते. क्रमांक कंपनी ठरवते, कधी निघण्याच्या काही दिवस आधी. त्या वेळी उरलेली खोली मिळते, म्हणजे टोकाची, डिस्कोवरची किंवा होडीमागची. दोन खोल्या घेतल्या असतील तर त्या दोन वेगळ्या मजल्यांवरही जाऊ शकतात. तरुण जोडप्याने खुशाल घ्यावी. आजारी, वृद्ध किंवा बोट लागणारे कोणी बरोबर असेल तर घेऊ नये. फुकट अपग्रेडचेही तसेच. मधली ओशन व्ह्यू जाऊन पुढच्या टोकाची बाल्कनी हाती येऊ शकते. जागा पाहून घेतलेली असेल तर 'अपग्रेड नको' असे एजंटाकडून लेखी नोंदवून घ्यावे. बोली लावून अपग्रेड मिळवण्याच्या ई-मेललाही हेच लागू. बोली लागली तरी जागा निवडता येत नाही.

शहरातल्या प्रवासी कंपन्यांना माझी विनंती आहे की, जाहिरातीत दराशेजारी खोलीचा प्रकार, गॅरंटी आहे की क्रमांक मिळणार, आणि दरात काय धरलेले नाही, एवढे तरी छापावे. आणि पैसे घेताना पावतीवर मजला व खोली क्रमांक लिहून द्यावा. आपल्या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागानेही एवढा आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर