‘8.8’ शिक्क्याचे बोल्ट ताणले गेल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एम 12 (12 मिलिमीटर व्यासाचे) हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट मागावर ताणून तुटल्याबाबत

महोदय,

आमच्या पहिल्या तक्रारीवर आपले उत्तर मिळाले. ‘फिटरने प्रमाणाबाहेर आवळले, मागाच्या धक्क्यांनी तुटले, मालात दोष नाही.’ बोल्ट हातात न घेताच निकाल दिलात. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे बोल्ट आम्ही टॉवेलच्या मागांवर, क्रँक शाफ्टच्या ब्रॅकेटला लावले. फणीच्या प्रत्येक ठोक्याला तिथे भार येतो आणि उतरतो. म्हणून तर साधे न घेता 8.8 या वरच्या ताकदीच्या श्रेणीचे घेतले आणि त्याची किंमत मोजली. आवळणी टॉर्क (पिळाचा जोर) मोजणाऱ्या पान्याने, 80 न्यूटन-मीटरला केली. कोरड्या आट्यांवर एवढ्या टॉर्कला एम 12 मध्ये साधारण 33 किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या वर ताण बसतो.

खऱ्या 8.8 ला हे जड नाही. त्याची ताणशक्ती 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि त्याच्या 80 टक्क्यांच्या, म्हणजे 640 च्या सुमारास तो कायमचा लांबू लागतो. त्याहून थोडा कमी, 580 चा प्रूफ ताण आणि आट्यांचे क्षेत्रफळ 84.3 चौरस मिलिमीटर धरून प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न लांबता पेलायचा भार, 48.9 किलोन्यूटन निघतो. साधा 4.6 चा बोल्ट मात्र 20 किलोन्यूटनच्या आसपासच कायमचा लांबू लागतो आणि 34 च्या सुमारास तुटू शकतो. आता आमचे जॉबर (माग दुरुस्त करणारे) मामा आवळताना काय म्हणाले ते ऐका : “साहेब, हे घट्टच होईना, नुसतं फिरतंय.” पाना फिरतोय पण टॉर्क चढत नाही, म्हणजे बोल्ट ताणला जातोय. मामांना हे हाताला कळले, आपल्या तपासनिसांना कागदावर कळू नये?

उतरवलेल्या बोल्टवर नवा नट चढवून पाहा. टोकाकडून बोटाने सहज फिरतो, पुढे जाऊन अडतो. 1.75 चे पिच गेज (आट्यांमधले अंतर तपासायची पट्टी) लावले की मधल्या आट्यांवर फट दिसते. काहींची तिथे मानही बारीक झाली आहे.

बाकीचे काही दिवस चालून तुटले. त्यांची मान बारीक झालेली नाही, तुटलेला भाग सपाट आहे, म्हणून आपण धक्क्यांवर बोट ठेवलेत. धक्के आहेतच, माग आहे तो! पण तुटलेल्या तोंडावर एका आट्याच्या तळापासून निघालेल्या, शिंपल्यावर असतात तशा कमानी दिसतात. पुढे उरलेला छोटा भाग खरबरीत आहे. म्हणजे तडा हळूहळू वाढला आणि शेवटी उरलेला तुकडा एकदम गेला. घट्ट बसलेल्या बोल्टवर ठोक्याचा थोडाच भाग पडतो, बाकीचा ब्रॅकेटचा जोडच झेलतो. बोल्ट लांब होऊन दाब सुटला की प्रत्येक ठोका बोल्टवरच. थकून तुटणे हा दुसरा अंक, पहिला अंक नरम पोलादाचा.

न वापरलेल्या बोल्टची कठीणता आम्ही येथील प्रयोगशाळेत मोजून घेतली. आयएस 1367 या भारतीय मानकाच्या भाग 3 प्रमाणे या मापाच्या 8.8 ला 250 ते 320 विकर्स (कठीणतेचे माप) हवी. आमचे सगळे 180 च्या आत आले. डोक्यावर शिक्का मात्र ठसठशीत. अहवाल सोबत जोडला आहे.

एक ब्रॅकेट फुटले, शाफ्ट हलला, बीमवरचे टॉवेल वाया गेले. कोणाला लागले नाही एवढेच.

तरी या बॅचच्या बोल्टची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आमच्या माणसासमोर ताणून तोडण्याची (टेन्साइल) चाचणी करावी. ब्रॅकेट व वाया गेलेल्या मालाची भरपाई द्यावी. बदली माल बॅच क्रमांकाच्या चाचणी प्रमाणपत्रासह पाठवावा, नुसत्या शिक्क्यावर आम्ही घेणार नाही. हाच माल सोलापुरात आणखी कोणाकडे गेला असेल तर त्यांनाही कळवावे, कारण तिथेही माग चालूच आहेत.

तुटलेले तुकडे सील करून ठेवले आहेत. चाचणीला त्यातले निम्मेच देऊ, उरलेले आमच्याकडे राहतील.

आपला,
एक टॉवेल कारखानदार
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर