डी ड्राइव्हमधून १०० जीबी काढताना: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत मी आले की लॅपटॉपवर विंडोज १० च्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची आहे. बसवणं हे फार तर तासाभराचं काम. वेळ जातो तो आधी डिस्कवर जागा करण्यात, आणि जे बिघडायचं तेही तिथेच बिघडतं. तेवढं तुम्ही दोघांनी एखाद्या निवांत दिवशी करून ठेवा. पेनड्राइव्हवरून पुढचं मी बघेन.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, की आहे तेच विंडोज का चालू ठेवायचं नाही, किंवा विंडोज ११ का घ्यायचं नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपला सातव्या पिढीचा आहे, म्हणजे धडधाकट असूनही बाद. तरी विंडोज काढून टाकायचं नाही. सोसायटीच्या जुन्या नोटिसा श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, त्या तिथेच नीट उघडतील. इंटरनेट, बँक, फोटो आणि नवं लेखन लिनक्सवर करायचं. दोन्ही एकाच डिस्कवर नांदवायची, म्हणूनच ही जागेची वाटणी.

किती जागा? मिंटवाले कमीत कमी २० जीबी सांगतात आणि १०० जीबी असावी असं सुचवतात. २० वर ते बसतं, पण चालत नाही. दर काही आठवड्यांनी अपडेट येतात, आणि बिघाड झाल्यास मागे जाता यावं म्हणून टाइमशिफ्ट नावाची सोय सिस्टीमची प्रत ठेवते. पहिलीच प्रत जवळजवळ सिस्टीमएवढी असते. जागा संपली की लिनक्समध्ये कधीकधी पासवर्ड बरोबर टाकूनही आत जाता येत नाही, आणि माणूस पासवर्डालाच दोष देत बसतो. म्हणून सरळ १०० जीबी.

बाबांनी स्क्रीनचा फोटो पाठवला ते बरं केलं. त्यात डावीकडून २६० एमबीचं ईएफआय (यंत्र सुरू करणाऱ्या फायलींचा विभाग), मग साधारण १९५ जीबीची सी, मग ९८० एमबीची रिकव्हरी आणि शेवटी ७३५ जीबीची डी दिसते. एक टीबीची डिस्क ९३१ का दाखवते, तर कंपनी हजारांनी मोजते आणि विंडोज १०२४ नी. काही चोरीला गेलेलं नाही. डी मध्ये ३२५ जीबी मोकळी आहे, सी मध्ये जेमतेम ४०. त्यामुळे जागा डी मधूनच काढायची. थोडी सी मधून आणि थोडी डी मधून असं चालत नाही. सी मधून काढलेली जागा सी च्या लगेच नंतर मोकळी होते, डी मधली डी च्या नंतर, आणि मध्ये अख्खी डी उभी असते. दोन तुकडे जोडून एक होत नाहीत.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे प्रत. जागा छोटी करताना विंडोज फायली इकडून तिकडे हलवतं. मधेच वीज गेली किंवा डिस्कचा एखादा भाग खराब निघाला, तर ज्या फायलीला तुम्ही हातही लावला नव्हता तीही जाऊ शकते. पेनड्राइव्हवर प्रत घेऊ नका. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ या मांडणीचे असतात, आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाच्या व्हिडिओच्या फायली नेमक्या तेवढ्या असतात. वर ‘जागा पुरेशी नाही’ अशा अर्थाचा संदेश येत नाही, फाइल फार मोठी आहे असा येतो, आणि माणूस गोंधळतो. एक टीबीची पोर्टेबल डिस्क आहे ना कपाटात, ती वापरा. डी पूर्ण, आणि सी वरचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर. वनड्राइव्हमधल्या ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या मुळात डिस्कवर नाहीतच. त्या हव्या असतील तर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, मग प्रत घ्या.

आई, प्रतीची मोजणी तू कर, कारण बाबा ‘झालं’ म्हणून मोकळे होतात. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघ. फायलींची संख्या आणि साइज लिहून घे. प्रतीच्या फोल्डरचेही तेच आकडे बघ. ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा वेगळा आला तर घाबरू नकोस, तो डिस्कच्या मांडणीवर असतो. वरचा ‘साइज’ आणि संख्या जुळायला हवी. मग त्यातले चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ प्रतीवरून उघडून बघ. न उघडलेली प्रत ही प्रत धरू नये.

प्रत झाली की डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम आहे. उघडल्यावर निळ्या चौकटीत ‘गुड’ दिसलं तर पुढे चला. पिवळ्यात ‘कॉशन’ आलं तर इथेच थांबा आणि मला कळवा. मग ही डिस्क छोटी-मोठी करायची नाही. २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणून तिच्यावर लिनक्स बसवू, आणि जुनी डिस्क डीव्हीडीच्या खणात कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, घालून ठेवू. कॅडी दोन जाडीत मिळते, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर, त्यामुळे मी मोजल्याशिवाय आणू नका. खरं सांगायचं तर डिस्क चांगली निघाली तरी एसएसडी हाच दोन्हीतला चांगला मार्ग आहे. पण आधी मिंट तुम्हाला आवडतं का ते बघू, खर्च नंतर.

आता साफसफाई. सी मधून जागा काढायची नसली तरी विंडोजला स्वतःला थोडी मोकळीक लागते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स. तिथे ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं तर बिनधास्त टिक करा, कित्येक जीबी मोकळे होतात. पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असतं, त्यावर टिक करू नका. तो कचरा नाही, तुमचा डाउनलोड्सचा अख्खा फोल्डर आहे, आणि गेल्यावर रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. सोसायटीची ऑडिटची पीडीएफ तिथेच असेल.

मग हायबरनेशन बंद करायचं. हे का, ते सांगते. विंडोज १० बंद केलं तरी पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून गाभ्याची स्थिती एका फायलीत लिहून ठेवतं आणि ड्राइव्ह अर्धवट उघडे सोडतं. त्या अवस्थेत लिनक्सने डी वर काही लिहिलं तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत. शहाणं लिनक्स लिहायलाच नकार देतं, मग ‘फोटो सेव्ह होत नाहीत’ ही तक्रार सुरू. उपाय सोपा आहे. स्टार्टवर राइट क्लिक, ‘विंडोज पॉवरशेल (ॲडमिन)’ निवडा. काळ्या-निळ्या खिडकीत इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ टाइप करा, पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला जोडून सी, एफ, जी. एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच एच. पुन्हा एक जागा सोडून ऑफ, दोन एफ. एंटर. काहीच उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं. ८ जीबी रॅमच्या यंत्रात यामुळे सी वरचे सुमारे ३ जीबीही सुटतात. विंडोज उघडायला थोडा जास्त वेळ लागेल, तो सहन करा.

‘धिस पीसी’मध्ये सी किंवा डी च्या चित्रावर कुलूप दिसतंय का तेही बघा. दिसलं तर ड्राइव्ह कुलूपबंद आहे, आणि त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय पुढे काहीही करायचं नाही. ती बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. कुलूप नसेल तर हा परिच्छेद विसरा.

जागा काढायच्या दिवशी चार्जर लावलेला आणि बॅटरीही भरलेली हवी. महावितरण ज्या वारी देखभालीला वीज बंद ठेवते तो वार टाळा. आधी डी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि ‘चेक’. चुका सापडल्या तर दुरुस्त होऊ द्या. ड्राइव्हवरच्या फायलींच्या नोंदींचा तक्ता बिघडलेला असताना विंडोज ड्राइव्ह छोटा करायला नकार देऊ शकतं, किंवा करायला घेऊन अर्ध्यात सोडतं, जे त्याहून वाईट.

आता स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. खालच्या पट्टीत डी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’. याच यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ही आहेत, म्हणून माउस सरकवताना वाचून क्लिक करा. थोडा वेळ ते मोजणी करतं, मग चौकट उघडते. तिसऱ्या ओळीतला आकडा बदलायचा असतो. मेख अशी की तिथे आधीच जास्तीत जास्त शक्य असलेला आकडा भरलेला असतो. न बघता ‘श्रिंक’ दाबलं तर डी तळाला जाऊन पोचेल. तो आकडा पुसून १०२४०० लिहा. १०० जीबी गुणिले १०२४, एमबीमध्ये. शून्य एक जास्त पडलं तर ते नाकारेल, पण एक कमी पडलं तर १० जीबी निघतील आणि सगळं सुरळीत झालं असं वाटेल. म्हणून आई, तू शेजारी बसून आकडा मोठ्याने वाच.

‘श्रिंक’ दाबल्यावर खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येऊ शकतं. येऊ द्या. फिरत्या डिस्कवर फायली सरकवायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी तास. खिडकी बंद करायची नाही, झाकण मिटायचं नाही, पॉवरचं बटण तर नाहीच. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

मोकळी जागा ३२५ असताना चौकट ‘फक्त ३० उपलब्ध’ असं म्हणाली, तर ती खोटं बोलत नसते. छोटं करणं म्हणजे शेवटाकडून कापणं. शेवटाजवळ एखादी न हलणारी फाइल बसली असेल तर कात्री तिथपर्यंतच जाते, मागे कितीही रिकामं असो, जसं एसटीत मागची सीट एकाने धरली की पुढच्या रिकाम्या सीटचा उपयोग नाही. डी वर अशी फाइल दोन प्रकारची असण्याची शक्यता जास्त. एक, सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती. सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ उघडा, डी निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये ‘डिसेबल’. सी चं संरक्षण तसंच राहू द्या. दोन, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) डी वर ठेवलेली असणं. त्याच खिडकीत वर ‘ॲडव्हान्स्ड’, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’, व्हर्च्युअल मेमरीत डी समोर ‘नो पेजिंग फाइल’, ‘सेट’, रीस्टार्ट. मग ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज’ उघडून डी वर ‘ऑप्टिमाइज’ चालवा. हे रात्री लावून झोपलात तरी चालेल. फिरत्या डिस्कला याचा उपयोग होतो. एसएसडीला होत नाही, म्हणून बाबांनी भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये. मग पुन्हा श्रिंक. तरीही आकडा अडला तर सोडून द्या, मी बाहेरून, पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून, जीपार्टेड या डिस्क वाटायच्या प्रोग्रॅमने करेन. पहिली पसंती मात्र विंडोजच्याच हत्याराला. एनटीएफएस ही त्यांची मांडणी, तिच्या खाचाखोचा त्यांना जास्त माहीत.

काम झालं की डी सुमारे ६३५ जीबीची होईल आणि उजवीकडे काळ्या पट्टीखाली ‘अनॲलोकेटेड’ १०० जीबी दिसतील. बस. त्यावर राइट क्लिक केलं तर विंडोज ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ सुचवतं. ते करायचं नाही, ई नावाचा ड्राइव्ह बनवायचा नाही, फॉरमॅट करायचं नाही. लिनक्सला तो कोराच हवा. त्याची ईएक्सटी४ ही मांडणी मी तिथे करेन. चुकून जास्त जागा निघाली, तर डी वर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. जागा लगेच शेजारी असल्याने परत जोडता येते. डावीकडच्या ईएफआयला किंवा रिकव्हरीला ‘एवढीशी तर आहे’ म्हणून उडवू नका. ईएफआयमध्ये दोन्ही सिस्टीम सुरू करणाऱ्या फायली राहतात, ती गेली तर विंडोज उघडणारच नाही.

बाबा, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या डेस्कटॉपवर हे असंच करायला जाल, म्हणून आत्ताच लिहिते. त्यांचं यंत्र विंडोज ७ च्या काळातलं. तिथे आधी डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, आणि ‘पार्टिशन स्टाइल’, म्हणजे डिस्कच्या वाटणीची नोंद ठेवायची पद्धत, बघा. आपल्याकडे जीपीटी आहे. त्यांच्याकडे एमबीआर ही जुनी पद्धत असेल तर प्राथमिक विभाग चारच होऊ शकतात, आणि सिस्टीम रिझर्व्हड, सी, डी, ई अशी चार घरं आधीच भरलेली असू शकतात. पाचवं करायला गेलं की विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करू का विचारतं. तिथे ‘नो’. एकदा ‘यस’ झालं की लिनक्सच्या इन्स्टॉलरला त्या डिस्कवर नीट काम करता येत नाही, आणि मागे फिरायचा रस्ता लांबचा आहे.

शेवटी एकदा रीस्टार्ट करा, सी आणि डी दोन्ही उघडून फायली जागच्या जागी आहेत ना ते बघा, आणि नेहमीसारखं शटडाउन करा. पोर्टेबल डिस्क मात्र मी येईपर्यंत कपाटातच, त्यावरची प्रत पुसायची नाही. शिवाय ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह लागेल. जुना चालेल, पण त्यावरचं सगळं जाणार आहे, तेव्हा आईचा अभंगांचा तो नको.

तुमची,
लेक