चिन्मयच्या पाण्याच्या बाटलीबद्दल

तुर्कू, फिनलंड

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीला तुम्ही साताऱ्याहून इंदूरला ताईकडे निघालात, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. तिचा चिन्मय हल्ली गप्प असतो, सोमवारी सकाळी हमखास पोट दुखतं, असं ताई म्हणाली. त्याच्या मराठी वळणाच्या हिंदीला मुलं हसतात. नवी शाळा आहे, रुळेल, असं तिला वाटतं. मला मात्र शाळेत त्याला कुणी छळत असेल अशी काळजी वाटते, कारण बोलता बोलता तिनेच सांगितलं की त्याची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. शाळेतल्या बाथरूममध्ये मोठं माणूस नसतं, मुलांना तिथेच गाठतात. तिथे जावं लागू नये म्हणून तो पाणीच पीत नसेल.

आई, डबा-बाटली तू धुवायला घे आणि नीट बघ. डबा रिकामा असूनही पोर भुकेने वखवखलेलं असेल, तर तो दुसऱ्यांनीच खाल्लेला असू शकतो. "तुला कोण मारतं?" असं एकदम विचारू नकोस. मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसतोस, एवढंच विचार. आणि बाबा, "तूही दोन ठेवून दे" असं कृपा करून सांगू नका. बरोबरीच्यांत होतं ते भांडण. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेउस यांनी छळाची खूण सांगितली ती अशी: तो पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याचं बळ कमी पडतं.

इथल्या विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या गटाने शाळेतला छळ रोखण्यासाठी 'किवा' उपक्रम तयार केला. २००९ पासून तो देशभरच्या शाळांत गेला. त्यांचा मोठा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला हसणारे लागतात. ते हसायचे थांबले की त्याचा जोर ओसरतो. म्हणून वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार मुलांना शिक्षक बोलावतात आणि सोसणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायला सांगतात. मला हे फार पटलं.

ताईला म्हणावं, काय घडलं ते तारीखवार लिहून काढ आणि वर्गशिक्षिकेला एकटीला भेट. शाळा सीबीएसईची आहे. छळ रोखायला समिती नेमा, असं बोर्डाने २०१५ सालीच शाळांना कळवलं आहे. तिथे कुणी दाद दिली नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

लोकमान्य नगरातला एक वर्गमित्र चिन्मयच्याच बसने जातो म्हणे. त्याला फराळाला घरी बोलवा, त्याच्या आईलाही. सुट्टीनंतर दोघं बसमध्ये शेजारी बसले तर मला लगेच कळवा.

तुमची,
मनू