आधी कोणी जायचं?

चि. लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

थिऑलॉजी शिकायला तू श्रीलंकेला निघालीस. तिथे सिंहली-तमिळ समेटावरची प्रवचनं तुला पुष्कळ ऐकायला मिळतील. ऐकताना एवढं बघ, की क्षमा करायला कोणाला सांगताहेत आणि माफी मागायला कोणाला.

1956 साली तिथे एकट्या सिंहलीला राजभाषा केलं, तमिळला वगळून. तो कायदा करणारे पंतप्रधान बंदारनायके जन्माने ख्रिस्ती होते, तेव्हा सगळा दोष बौद्ध भिक्खूंच्या माथी मारू नकोस. आपल्या शेजारच्या घरांत तू धम्म पाहिलास तो समतेचा. बाबासाहेबही 1950 साली त्याच बेटावर बौद्ध परिषदेला गेले होते. तोच धम्म बहुसंख्य सिंहलींच्या राजकारणात ओढला गेलेला बघून तुला त्रास होईल. आपल्या ख्रिस्ती धर्माचंही ठिकठिकाणी तेच झालंय.

जुलै 1983 मध्ये तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेच्या बंडखोरांनी, जाफन्याजवळ 13 सैनिक मारले आणि सूड उगवला गेला तो कोलंबोतल्या साध्या तमिळ माणसांवर. जमावांच्या हातात मतदारयाद्या होत्या. घरं हुडकून हुडकून जाळली. कित्येक सिंहली कुटुंबांनी शेजाऱ्यांना लपवून वाचवलं, हेही तितकंच खरं. कुरुनेगलचे अँग्लिकन बिशप लक्ष्मण विक्रमसिंघे स्वतः सिंहली. त्यांनी आपल्याच लोकांना लिहिलं, की आपल्याला लाज वाटली पाहिजे, तमिळांची माफी मागितली पाहिजे. त्याच ऑक्टोबरात ते वारले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मला त्यांच्यामुळे उमगला. वेदीपाशी आल्यावर आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. येशू दुखावलेल्याला चालत यायला लावत नाही. आणि यातून तमिळही सुटत नाहीत: 1990 मध्ये वाघांनी उत्तरेतल्या मुसलमानांना घरादार सोडायला लावून हुसकलं होतं.

मे 2009 मध्ये सरकार आणि वाघांमधलं युद्ध संपताना शरण आलेल्यांबरोबर फादर फ्रान्सिस जोसेफही सैन्याच्या ताब्यात गेले. पुढे त्यांचं काय झालं, कोणी सांगत नाही. असे हजारो बेपत्ता आहेत. 2017 पासून किलिनोच्चीत आया मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या. सुट्टीत तिकडे जायला मिळालं तर त्यांना क्षमेचं वचन वाचून दाखवू नकोस, मुलगा कसा होता ते विचार. त्यासाठी सिंहलीबरोबर तमिळही शीक. गोव्याहून गेलेल्या संत जोसेफ वाझ यांनी दोन्ही शिकून घेतल्या होत्या.

तुझी,
आई