विषय: पोकळ खांबांवर उभे केलेले व्हिनाइल कुंपण पडल्याबाबत तक्रार

दि. 3 जून 2024
मांजरी बुद्रुक, पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जानेवारीत आपल्या माणसांनी आमच्या घराच्या रस्त्याकडील बाजूला 96 रनिंग फूट पांढरे व्हिनाइल कुंपण बसवले. 12 पॅनल आणि 13 खांब. ठरलेली सगळी रक्कम काम संपले त्याच दिवशी मी चुकती केली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि त्यातली चार पॅनल खांबांसकट आडवी झाली. त्याच कुंपणाला लागून माझा चार वर्षांचा नातू रोज संध्याकाळी सायकल फिरवतो. त्या दिवशी पाऊस येणार म्हणून त्याला घरात घेतले होते.

मी हे कुंपण घाईत निवडलेले नाही. आधीची लोखंडी जाळी खालून गंजली होती, दर दिवाळीआधी तिला रंग द्यावा लागायचा. काटेरी तार नातवामुळे नको होती. लाकडाला आमच्याकडे वाळवी टिकू देत नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, पाणी मारले की स्वच्छ होते. हे आपल्या प्रतिनिधीने सांगितले ते खरेच आहे आणि आजही माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पीव्हीसी लोखंडाइतके ताठ नसते, म्हणून मी त्यांना स्पष्ट विचारले होते, खांबाला आतून आधार काय? "काकू, प्रत्येक खांबात जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असतो, दोन फूट खाली काँक्रीटमध्ये जातो, तुम्ही निर्धास्त राहा." हेच कोटेशनमध्येही लिहिले आहे. त्या एका वाक्यावर मी निर्णय घेतला.

खांब पडल्यावर मी एकाची टोपी काढून आत टॉर्च मारला. आत पाइप नाही. तळाशी वीतभर काँक्रीट, त्यावर साचलेले पाणी आणि मुंग्या. मग उभ्या राहिलेल्या खांबांवर बोटाने टकटक करून पाहिले. फाटकाचे दोन सोडले तर बाकी सगळे डब्यासारखे पोकळ वाजतात. पडलेल्या खांबाचा खड्डा टेपने मोजला, तो 11 इंच भरला. आमच्याकडची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्या जागेत दोन फुटांवर मुरूम लागतो, तिथपर्यंत गेल्याशिवाय खांब धरत नाही. ही गोष्ट खड्डे घेणाऱ्या मुलांना मी स्वतः त्या दिवशी उन्हात उभी राहून सांगितली होती.

दुसरी बाब एप्रिलपासूनची आहे. दुपारी आडव्या पट्ट्या धनुष्यासारख्या बाहेर वाकायच्या आणि सकाळी पुन्हा सरळ दिसायच्या. पीव्हीसी उन्हात वाढते. आठ फुटांची पट्टी 40 अंशांच्या फरकाला साधारण सहा मिलिमीटर लांब होते. जानेवारीतल्या गार सकाळी बसवलेल्या पट्टीला एप्रिलच्या उन्हात एवढा फरक सहज पडतो. म्हणून खांबाच्या खाचेत थोडी जागा मोकळी सोडायची असते. आमच्याकडे प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना खांबाला भिडवून स्क्रूने आवळली आहे. तिने वाढायचे कुठे?

फोटो पाठवल्यावर आपल्या कार्यालयातून उत्तर आले की वॉरंटी फक्त मटेरियलची आहे आणि वादळ ही नैसर्गिक आपत्ती आहे. हे मला मान्य नाही. त्याच वाऱ्यात शेजारच्या गोठ्याचा पत्रा जागचा हलला नाही. कबूल केलेला पाइप न घालणे यात निसर्गाचा काय संबंध?

पश्चिमेकडच्या तीन पॅनलांवर पिवळसर झाक दिसते आहे. तो माझा भास असेल तर आनंदच आहे. पण पीव्हीसीला उन्हापासून वाचवण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड पुरेसे असावे लागते. माझ्या घरी लावलेला माल बाहेरच्या वापराचाच आहे, असे उत्पादकाचे पत्र मला द्यावे.

माझी मागणी अशी आहे. सर्व खांब काढून कोटेशनप्रमाणे जीआय पाइपसह, दोन फूट खोल, मुरमात पक्के करून पुन्हा बसवावेत आणि पट्ट्यांना वाढायला जागा ठेवावी. यासाठी मी वेगळा खर्च देणार नाही. हे जमत नसेल तर कुंपण काढून न्यावे आणि पूर्ण रक्कम परत करावी. फक्त पडलेले चार खांब उभे करून दिलेले मला चालणार नाहीत, कारण उरलेलेही तितकेच पोकळ आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. कोटेशन, पावती आणि खांबाच्या आतले फोटो या पत्रासोबत जोडले आहेत.

पाहणीसाठी माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा, मी घरी थांबेन. रस्त्याच्या टोकाकडच्या खांबाची टोपी मी काढून ठेवली आहे, म्हणजे त्यांना आत पाहता येईल.

आपली,
एक ग्राहक